खाटेपाशी काढलेला छातीचा फोटो : किरणांची मात्रा आणि संगणकीय शुद्धी

प्रश्नाचे स्वरूप

पांझरा नदी ज्या डोंगरांत उगम पावते त्यांच्या परिसरात वसलेले पिंपळनेर हे आज धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे एक मोठे गाव म्हणून ओळखले जात असले, तरी १८८० च्या खानदेश गॅझेटियरात ते एका स्वतंत्र तालुक्याचे नाव म्हणून नोंदलेले आहे. आणि भोवतालच्या भिल्ल, कोकणी व मावची वस्त्यांतील माणसे दुखणे अंगावर काढून काढून अखेरीस जेथे येऊन पोहोचतात ते ठिकाण, हे त्याचे महत्त्व अद्यापही उणावलेले नाही. येथून धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर आहे. धाप लागलेल्या, प्राणवायूच्या नळीला जोडलेल्या रोग्याला तेवढा प्रवास करावयास लावायचा की नाही, हा निर्णय पुष्कळदा छातीच्या एका फोटोवर अवलंबून असतो. आणि असा रोगी क्ष-किरण खोलीपर्यंत नेणे धोक्याचे असेल, तर ज्या रुग्णालयाजवळ चाकांचे यंत्र आहे तेथे ते यंत्रच त्याच्या खाटेपाशी ढकलत आणावे लागते. रुग्णालयीन बोलीत या फोटोला सरसकट ‘पोर्टेबल’ म्हणतात.

हा पोर्टेबल फोटो काढताना रोग्याला मिळणारी किरणांची मात्रा कमी कशी करावी, आणि गेल्या दशकात यंत्रांच्या उत्पादकांनी पुढे आणलेली प्रतिमाशुद्धीची संगणकीय प्रणाली त्या कामी कितपत खरी उतरते, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. विषय वरकरणी अत्यंत तांत्रिक दिसतो. परंतु त्याच्या पोटात भौतिकशास्त्राचा, वैद्यकीय सवयींचा आणि सरकारी खरेदीचा असा तिहेरी प्रश्न गुंतलेला आहे, आणि त्यांपैकी एकच धागा ओढून पाहणाऱ्याच्या हाती बहुधा अर्धवट उत्तर येते.

विखुरलेल्या किरणांची अडचण

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जे किरण प्रथम पाहिले त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले, आणि आपल्या भाषेनेही ‘क्ष’ या अक्षराची योजना करून तो अर्थ जसाच्या तसा राखला. किरणांचे स्वरूप पुढे उलगडले, तरी त्यांची एक खोड मात्र पहिल्यापासून छायाचित्रकारांना छळीत आली : शरीरात शिरलेले सर्वच किरण सरळ रेषेत आरपार जात नाहीत. काही शरीरात शोषले जातात, काही थेट पलीकडच्या पाटीवर पोहोचून छाया उमटवितात, आणि बाकीचे ऊतींतील इलेक्ट्रॉनांवर आदळून दिशा बदलतात व भलत्याच ठिकाणी पाटीवर येऊन पडतात. या भरकटलेल्या किरणांना कोणत्याही अवयवाची छाया म्हणून अर्थ नसतो. धुक्यातून डोंगर पाहावा तसा ते चित्रावर एक फिकट पडदा पसरतात. छातीच्या फोटोत फुप्फुसांच्या भागी पाटीवर पोहोचणाऱ्या किरणांपैकी निम्म्याहून अधिक, आणि हृदय व त्यामागील मध्यभागी तर दहांपैकी आठ-नऊ किरण असे भरकटलेले असू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचणीचे गांभीर्य कळते.

यावर बर्लिनच्या गुस्ताव बकी यांनी १९१३ साली जो तोडगा काढला तो इतका साधा व इतका परिणामकारक होता, की शंभर वर्षे त्याला पर्याय उभा राहिला नाही. रोगी आणि पाटी यांच्यामध्ये शिशाच्या बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी ठेवावयाची. सरळ येणारे किरण पट्ट्यांच्या फटींतून पार होतात, तिरपे येणारे शिशावर अडतात. शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी ही जाळी चित्र घेताना हलती ठेवण्याची युक्ती काढून पट्ट्यांच्या रेषा चित्रावर उमटण्याचा दोषही दूर केला. परंतु या जाळीची किंमत रोग्याला मोजावी लागते. ती भरकटलेल्यांबरोबर काही सरळ किरणही अडविते, आणि एकूण प्रकाश घटल्यामुळे पाटीवर पुरेसे चित्र उमटविण्यासाठी मूळ किरणच वाढवावे लागतात. हलक्या जाळीत दुपटीच्या आसपास, जाड जाळीत चौपट-पाचपटीपर्यंत. म्हणूनच ज्या तान्ह्या मुलाची छाती दहा-बारा सेंटिमीटरांहूनही कमी जाडीची असते, त्याच्यासाठी जाळी वापरू नये असा दंडक फार पूर्वीपासून रूढ आहे.

खाटेपाशी काय घडते

क्ष-किरण खोलीत जाळी भिंतीवरच्या चौकटीत पक्की बसविलेली असते, किरण सोडणारी नळी तिच्या बरोबर समोर येते, आणि रोगी छाती चौकटीला टेकवून उभा राहतो. खाटेपाशी यांतले काहीच उपलब्ध नसते. तंत्रज्ञ यंत्र ढकलीत दोन खाटांच्या मधल्या अरुंद वाटेतून आणतो, सलाईनची काठी एका हाताने बाजूला सारतो, आणि परिचारिकेच्या मदतीने रोग्याला कुशीवर वळवून तीनेक किलो वजनाची पाटी त्याच्या पाठीखाली सरकवितो. गादी मऊ असते. रोग्याच्या भाराने पाटी एका कडेला खचते आणि चार-सहा अंशांनी कलते. ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ असे सांगितले तरी ज्याला श्वासच पुरत नाही तो धरून काय ठेवणार? मग तंत्रज्ञ छातीची वर-खाली होणारी हालचाल नजरेने मोजतो, श्वास आत गेला असे वाटताच लांब तारेच्या टोकाची कळ दाबतो, आणि तेवढ्यात बाजूच्या खाटेवरील रोग्याचा नातेवाईक बाहेर गेला की नाही याकडेही त्याला पाहावे लागते.

अशा स्थितीत पाटीवर शिशाची जाळी चढविली तर काय होते? जाळीच्या पट्ट्या नळीच्या दिशेने अचूक रोखलेल्या असल्या तरच सरळ किरण पार होतात. पाटी कलली की त्याच पट्ट्या सरळ किरणांनाही अडवू लागतात, आणि चित्राची एक बाजू विनाकारण पांढुरकी होते. हा पांढुरकेपणा छातीत साचलेल्या पाण्यासारखा दिसू शकतो, आणि मग किरण वाढवून दुसरा फोटो काढावा लागतो. जाळीने आणखी वजन वाढते, रोग्याच्या पाठीखाली आणखी एक जाड वस्तू येते, ते वेगळेच. परिणामी, जगभर असंख्य ठिकाणी खाटेपाशीचा फोटो जाळीविनाच काढण्याची वहिवाट पडली : नळीचा विद्युतदाब कमी ठेवावयाचा, मात्रा बेताची द्यावयाची, आणि धुरकट चित्र सोसावयाचे.

ही वहिवाट नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या वादाची किल्ली तिच्यातच आहे. संगणकीय प्रणालीमुळे मात्रा घटली असे कोणी म्हणतो तेव्हा त्याने ती कशाच्या तुलनेने मोजली, हे प्रथम विचारावे लागते. जाळी लावून काढलेल्या फोटोशी तुलना केली तर बचत मोठी दिसते. आणि ज्या रुग्णालयात जाळी कधी लावलीच जात नव्हती तेथे त्याच प्रणालीने मात्रा एका अंशानेही कमी होत नाही, केवळ चित्र अधिक स्पष्ट होते. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोन्ही एकाच पत्रकात एकमेकांत मिसळलेली मी पाहिली आहेत.

संगणकीय शुद्धीचे तत्त्व

चित्रपट्टी जाऊन अंकीय पाटी आल्यानंतर प्रत्येक फोटो हा आकड्यांचा एक विशाल तक्ता झाला, आणि ज्यावर गणित चालते त्यातून धुके वजा का करता येऊ नये, हा विचार साहजिकच पुढे आला. साधारण २०१४ पासून फिलिप्सची ‘स्कायफ्लो’, फुजीफिल्मची ‘व्हर्च्युअल ग्रिड’, सॅमसंगची ‘सिमग्रिड’, केअरस्ट्रीमची ‘स्मार्टग्रिड’, कोनिका मिनोल्टाची ‘इंटेलिजंट ग्रिड’ अशा प्रणाली एकामागून एक बाजारात आल्या. त्यांच्या गणिताचे तपशील निरनिराळे असले तरी ढोबळ मार्ग एकच आहे. प्रथम चित्रावरूनच शरीराच्या प्रत्येक भागाची जाडी अजमावतात. त्या जाडीच्या शरीरात एका बिंदूतून शिरलेले किरण किती व कोठवर विखुरतील याचे आधीच तयार केलेले नमुने लावून धुक्याचा एक नकाशा बनवितात. तो मूळ चित्रातून वजा करतात. आणि शेवटी प्रकाश-छायेतील फरक वाढवून दाणेदारपणा काही प्रमाणात मऊ करतात. विखुरलेल्या किरणांचे धुके पसरट आणि हळूहळू बदलणारे असते, तर बरगडीची कड किंवा नळीचे टोक तीक्ष्ण असते. या स्वभावभेदामुळेच ही वजाबाकी शक्य होते.

प्रणाली कलत नाही, खचत नाही, तिला वजन नाही, आणि रोग्याच्या पाठीखाली ती काही सरकवीत नाही. खाटेपाशीच्या कामासाठी हे गुण लहान नव्हेत.

बाजू मांडणारे आणि शंका घेणारे

प्रणालीच्या समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे : जाळीची मात्रा न देता जाळीच्या जवळपास जाणारे चित्र मिळते, कललेल्या जाळीमुळे वाया जाणारे फोटो वाचतात, आणि हृदयामागे दडलेले फुप्फुसाचे टोक किंवा श्वासनलिकेतील नळीचा शेवट वैद्याला अधिक सहज दिसतो. छातीच्या प्रतिकृतींवर केलेली मोजमापे आणि अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञांना जोड्या-जोड्यांनी चित्रे दाखवून घेतलेले कौल बहुतांशी या म्हणण्याला दुजोरा देतात. जाळीविना काढलेल्या कच्च्या चित्रापेक्षा शुद्ध केलेले चित्र सरस ठरते, याविषयी फारसा मतभेद उरलेला नाही.

शंका घेणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ अग्रभागी आहेत, आणि त्यांचा आक्षेप मूलगामी आहे. शिशाची जाळी भरकटलेला किरण पाटीपर्यंत येऊच देत नाही. संगणक तो येऊन पडल्यानंतर त्याचा सरासरी हिस्सा वजा करतो. सरासरी वजा झाली, तरी त्या किरणांच्या येण्यातील जी यादृच्छिक चढउतार होती ती चित्रात दाणेदारपणा होऊन राहतेच. धुके काढता येते, धुक्याने केलेला गोंधळ काढता येत नाही. त्यात मात्राही कमी केली तर अडचण दुणावते : किरण निम्मे केले की सापेक्ष दाणेदारपणा सुमारे १.४ पट होतो. तो मऊ करण्याच्या भरात एखादा सूक्ष्म जाळीदार डाग किंवा फुप्फुसाच्या आवरणात शिरलेल्या हवेची केसाएवढी रेषाही पुसली जाईल काय, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. सडपातळ माणसाच्या छातीत हा फरक नगण्य राहतो. स्थूल माणसाच्या छातीत, जेथे विखुरणे सर्वाधिक, तेथेच तो ठळक होतो.

अलीकडे खोल शिक्षणाच्या, म्हणजे लक्षावधी चित्रांवर स्वतः शिकलेल्या प्रणालींनी हेच काम करण्यास आरंभ केला आहे, आणि तेथे शंकेला आणखी एक पदर जोडला जातो. नमुन्यांवर चालणाऱ्या जुन्या गणितात चूक कोठे झाली ते शोधता येते; शिकलेल्या प्रणालीने चित्रात ‘असायला हवे’ म्हणून काही भरले असेल तर ते पाहणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही.

तिसरा एक पक्ष या दोहोंच्या पलीकडे उभा आहे, आणि माझ्या मते त्याचे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. तो विचारतो : हा फोटो काढणे मुळात आवश्यक होते काय? अतिदक्षता विभागात रोज सकाळी प्रत्येक रोग्याचा छातीचा फोटो काढण्याची रीत कित्येक ठिकाणी नेमासारखी पाळली जाते. फ्रान्समधील २१ अतिदक्षता विभागांत या रोजच्या रीतीची तुलना गरज पडेल तेव्हाच फोटो काढण्याच्या पद्धतीशी केली गेली. ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार फोटोंची संख्या ३२ टक्क्यांनी घटली, आणि मृत्यूंत किंवा कृत्रिम श्वासावरील दिवसांत कोणताही लक्षणीय फरक आढळला नाही. एक तृतीयांश मात्रा एकही रुपया न खर्चिता वाचते, ही गोष्ट कोणत्याही खरेदीच्या प्रस्तावाआधी विचारात घेतली गेली पाहिजे. पिंपळनेरसारख्या ठिकाणी मात्र तिचा उपयोग बेताचाच : तेथे अतिरेकाचा प्रश्न नसतो, वेळेवर एक तरी चांगला फोटो मिळण्याचा असतो.

मात्रा केवढी, आणि भय कशाचे

छातीच्या एका फोटोची प्रभावी मात्रा साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट धरतात. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असते, म्हणजे हा तीन दिवसांचा नैसर्गिक हिस्सा झाला. खाटेपाशीच्या फोटोत किरण समोरून शिरतात, त्यामुळे स्त्रियांच्या स्तनांना खोलीतील फोटोपेक्षा अधिक मात्रा मिळते, ही बाब मुलींच्या बाबतीत विसरता कामा नये. तरीही वीस दिवस रोज एक फोटो काढला तरी बेरीज एका मिलिसीव्हर्टच्या आतच राहण्याचा संभव अधिक. छातीच्या एका सीटी स्कॅनची मात्रा मात्र त्याच्या कितीतरी पट, काही मिलिसीव्हर्टांत असते.

एवढ्या अल्प मात्रेने अपाय होतो काय, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९७७ साली समर्थन, इष्टतमीकरण आणि मर्यादा ही जी त्रिसूत्री सांगितली, तिच्या मुळाशी अपाय मात्रेच्या प्रमाणात वाढतो व त्याला सुरक्षित असा उंबरठा नाही हे गृहीतक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला तीन लाखांहून अधिक अणुउद्योग-कामगारांचा अभ्यास या गृहीतकाला पाठबळ देणारा ठरला. उलटपक्षी, केरळातील करुनागप्पळ्ळी येथील मोनाझाइटयुक्त वाळूच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जादा नैसर्गिक मात्रेत राहणाऱ्या सुमारे सत्तर हजार लोकांच्या पाहणीत, जिचा निष्कर्ष २००९ साली बाहेर आला, कर्करोगाचे अधिक प्रमाण आढळले नाही. आणि अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ साली असे जाहीर केले, की एका तपासणीत ५० मिलिसीव्हर्टपेक्षा कमी मात्रेच्या धोक्याचे आकडे मांडून लोकांना भिवविणे अनुचित आहे. दोन्ही बाजूंचा एका मुद्द्यावर मात्र मेळ बसतो : ज्या मात्रेने चित्रात काहीच भर पडत नाही ती देण्याचे कारण नाही.

तंत्रज्ञाची गोष्ट थोडी निराळी. रोग्याचा प्रसंग एकदा येतो, तंत्रज्ञ वर्षानुवर्षे तेच काम करतो. अंतर दुप्पट झाले की किरण चौथाईवर येतात, म्हणून दोन मीटर मागे सरणे हे त्याचे पहिले संरक्षण, शिशाचा अ‍ॅप्रन हे दुसरे. त्याच्या छातीवरील बिल्ल्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने सिद्ध केलेल्या, डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या असतात आणि तीन-तीन महिन्यांनी त्यांची मोजणी होते. कामगाराच्या मात्रेचा असा पक्का हिशेब आहे. रोग्याच्या मात्रेचा नाही.

नियमन आणि खरेदी

भारतात या क्षेत्राची देखरेख १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. यंत्राचा परवाना, खोलीची भिंत, तंत्रज्ञाची अर्हता, बिल्ल्याची सक्ती या सर्व बाबींची तरतूद २००४ च्या नियमांत आणि मंडळाच्या संहितांत आढळते. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले, आणि १ एप्रिल २०२० पासून उपकरणाच्या व्याख्येत संगणकीय प्रणालींचाही समावेश झाला. कागदोपत्री व्यवस्था अशी पुरेशी आहे. उणीव राहते ती निविदेच्या मसुद्यात, जेथे नळीची शक्ती, पाटीचा आकार आणि हमीची मुदत तपशीलवार लिहिली जाते, पण प्रणाली बसविल्यानंतर मात्रा किती ठेवावयाची, ती कोणी ठरवावयाची, आणि तिची रुजुवात कोणी करावयाची, यांविषयी सहसा एकही कलम नसते.

ही त्रुटी किरकोळ नव्हे. जुन्या चित्रपट्टीवर किरण जास्त झाले तर पट्टी काळी पडे आणि तंत्रज्ञाला चूक तत्काळ कळे. अंकीय पाटी दुप्पट किरणांतही तेवढेच सुबक, किंबहुना अधिक मुलायम चित्र देते. म्हणून नकळत मात्रा चढत जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक चित्राबरोबर एक विचलनांक दाखविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००८ साली ठरली : शून्य म्हणजे ठरविल्याप्रमाणे, अधिक तीन म्हणजे दुप्पट, उणे तीन म्हणजे निम्मे. परंतु शून्य कोठे मांडावयाचे हे प्रत्येक रुग्णालयाने ठरवावे लागते. प्रणाली बसली आणि शून्याची जागा पूर्वीचीच राहिली, तर बचत फक्त माहितीपत्रकात होते.

अनिर्णित मुद्दे

पश्चिम खानदेशापुरता विचार केला तर दोन प्रश्न विशेष जिव्हाळ्याचे ठरतात. या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्या आजाराच्या मुलांना ताप, धाप व छातीतील कळ यांचे झटके वारंवार येतात, आणि दर झटक्याला छातीचा फोटो अटळ असतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने अशा मुलांची नोंद घेण्यास वेग दिला आहे. मात्र बारा-पंधरा वर्षांच्या वयापर्यंत एका मुलाचे किती फोटो निघाले आणि त्यांची एकूण मात्रा किती झाली, हे कोणत्याही एका दफ्तरात सापडत नाही. ज्या रोग्यांसाठी मात्रेची थोडीशी बचतही आयुष्यभर साचत जाते, ते हेच. त्यांतील लहानग्यांच्या छातीला जाळीची, आणि म्हणून तिच्या संगणकीय प्रतिरूपाचीही, फारशी गरज नसते. आठ-दहा वर्षांपुढील मुलांविषयी मात्र निश्चित उत्तर देणारा पुरावा तुटपुंजा आहे.

दुसरा प्रश्न क्षयाचा. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हाती धरावयाची लहान क्ष-किरण यंत्रे पाड्यापाड्यांत गेली, आणि चित्र वाचण्यासाठी संगणकीय वाचकाची मदत घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने अशा वाचकाची शिफारस पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांसाठी २०२१ सालीच केलेली आहे. या यंत्रांना जाळी नसते. एका संगणकाने शुद्ध केलेले चित्र दुसऱ्या संगणकाने वाचावयाचे, आणि दुसरा ज्या चित्रांवर शिकला ती पहिल्याच्या हातून गेलेली नसावीत, असे झाले तर निदानाची अचूकता टिकते की ढळते, याची शहानिशा प्रत्येक जोडीपुरती वेगळी करावी लागेल.

आणि शेवटचा मुद्दा ज्याची चर्चा शास्त्रीय नियतकालिकांत विरळ होते, पण जो तालुक्याच्या गावी रोज घडतो. रात्री साडेअकराला खाटेपाशी फोटो निघतो. क्ष-किरणतज्ज्ञ धुळ्यास असतो. ड्यूटीवरचा डॉक्टर यंत्राच्या पडद्यासमोर मोबाईल धरतो, पडद्यावरची चकाकी टाळण्यासाठी खोलीतला दिवा मालवितो, चित्राचे चित्र काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो. त्या क्षणी विचलनांक गळून पडतो, नळीचा दाब व किरणांची मात्रा ज्या शीर्षनोंदीत होती ती मागे राहते, आणि संगणकाने धुक्यातून वेचून काढलेले हृदयामागचे बारकावे मोबाईलच्या दाबलेल्या चित्रात पुन्हा विरतात. पलीकडून दोन मिनिटांत उत्तर येते : ‘नीट दिसत नाही, पुन्हा एक काढून पाठवा.’